पाटीवरची मोकळी ओळ

३ फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते, कारण तसं नसतं तर आईचा एव्हाना फोन आला असता. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन आई उचलते आणि तुमचं म्हणणं मला तिच्या शब्दांत ऐकू येतं, त्यातलं निम्मं तिचं स्वतःचंच असतं. म्हणून पत्र. शिवाय माणसाचं अक्षर पाहिल्याशिवाय तुम्हाला त्याचं बोलणं खरं वाटत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

आईने काल फोटो पाठवला. आपल्या दारावरच्या नव्या पाटीचा.

अण्णा, पाटी फार सुंदर झाली आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही रागवाल. निळ्यावर पांढऱ्यात माझं पूर्ण नाव, खाली पिवळ्यात 'सनदी लेखापाल', आणि अक्षरांना सावली! अख्ख्या बाजारातल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, शिवणक्लासच्या पाट्या तुम्ही रंगवल्या, पण सावली तुम्ही कुणालाही सहज देत नाही. 'सावलीला वेळ लागतो, घाई असेल तर दुसरा पेंटर बघा,' असं गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं आहे. फोटोत खालचा कोपरा मात्र नीट आला नाही, तिथला तुमचा कुंचला दिसला नाही. तुमच्या पाट्यांवरची ती इवलीशी खूण शोधायची मला अजून सवय आहे. इथल्या रस्त्यांवरही शोधते, आणि मग आठवतं की इथे ती कशी असेल.

पण अण्णा, मी अजून सनदी लेखापाल नाही.

परवा मी 'पास झाले' म्हणाले, ते शेवटच्या परीक्षेच्या पहिल्या गटात. दुसरा गट राहिला आहे. तो झाला आणि ऑफिसातली उमेदवारी पुरी झाली, की लेखापालांची संस्था सनद देते. तोपर्यंत ते दोन शब्द नावाखाली लावायची मला परवानगी नाही. कुणी तक्रार केली तर चौकशी होते. 'कोण करतंय तक्रार,' असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही आहे. पण आम्ही दिवसभर लोकांना काय सांगत फिरतो? 'जे अजून झालेलं नाही, ते झालं असं लिहू नका.' मग माझ्याच दारावर न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहिलेली असावी, हे मला सहन होत नाही.

आई म्हणाली, मी फोन ठेवल्याबरोबर तुम्ही जेवणावरून उठून पत्रा कापायला घेतलात. तिने हे कौतुकाने सांगितलं. मला ते ऐकून रडू आलं आणि तरीही मी हे पत्र लिहिते आहे. मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही माझं प्रमाणपत्र फ्रेम केलंत आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून वर म्हणालात, "मजकूर चांगला आहे, अक्षरं मात्र कुणीतरी झोपेत काढलीत." तेव्हा काय वाटेल ते लटकवायला हरकत नव्हती, कारण ते मिळालेलं होतं. हे नाही.

पाटी काढून ठेवा ना, अण्णा. मिळाली की आपण लावू.

तुमची
बारकी


१९ जून

प्रिय अण्णा,

नमस्कार. कुठल्या बापाने पोरीचं पत्र तपासून परत पाठवलं असेल? तांबड्या पेन्सिलीने प्रत्येक 'र'ला गोल केलाय, ओळी वर चढतात म्हणून समासात बाण काढलेत, आणि शेवटी, जिथे मी उत्तराची वाट बघत होते, तिथे एकच ओळ: 'पाटी काढणार नाही. दोन शब्द काढले.' ऑफिसात दाखवलं तर सगळे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी सगळे बाण पाहिले आणि म्हणाल्या, "यांना आपल्याकडे तपासनीस म्हणून घेता येईल का?"

बाई म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी करते त्या. ऑफिस त्यांचं, सनद त्यांची, अहवालांवर सही त्यांची. वाचताना त्या उभ्या राहतात. बसून वाचलं तर माणूस समोरच्याचं म्हणणं लवकर मान्य करतो, असं त्यांचं मत आहे.

आई सांगत होती, पाटीवर आता नुसतं नाव आहे आणि खाली कोरी निळी पट्टी. येणारे-जाणारे विचारतात. आणि तुम्हीही तिला विचारलंत म्हणे, "अजून किती चालणार हे? आणि एवढं करून उपयोग काय?" तुम्ही रागाने विचारलंत की काळजीने, हे आईला सांगता येईना. मी काळजीने असं धरते.

उपयोग काय, यावर इथेही रोज भांडणं होतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसतो. त्याला आम्ही 'दशांश' म्हणतो, कारण बेरजेत टिंबानंतरचा आकडा चुकला तर त्याला जेवण जात नाही. कामाला वाघ आहे. दुसऱ्या गटात अडकला, पुन्हा अडकला, मग त्याने पुस्तकं विकून टाकली. तो म्हणतो, "सनद भिंतीवर जाते, पगार घरात येतो. भिंतीकडे बघून पोट भरत असेल तर मला सांग."

"तुझी पुस्तकं कुणी घेतली?" मी विचारलं.

"तूच घेतलीस. अर्ध्या किमतीत. म्हणून तर तुला सावध करतोय."

आता खरी बातमी. वर्षअखेरीला आम्ही एका बटणांच्या कारखान्यात माल मोजायला गेलो होतो. बटणं मोजायची कशी, असं तुम्हाला वाटेल. ओंजळभर बटणं मोजून त्यांचं वजन करायचं, मग पोत्याचं वजन करायचं, आणि त्यावरून हिशेब. मला हे काम आवडतं. धूळ असते, पण समोर खरी वस्तू असते. मागच्या खोलीत चांगल्या पोत्यांच्या आड काही पोती सापडली. त्यांत विटकरी बटणं, सगळी एकसारखी. एका शाळेच्या गणवेशासाठी केलेली. शाळेने गणवेश बदलला, आणि आता ती बटणं कुणी घेईना. पण यादीत त्यांची किंमत नव्या मालासारखी लावलेली. मी तसं माझ्या टिपणात लिहिलं. मालक हसले. "अगं, बटण काय नासतं का? भाजी आहे का ती?"

बाईंनी मला विचारलं, "पोती स्वतः उघडलीस?"

"हो."

"कुठली?"

"ज्यांच्यापुढे दुसरी रचून ठेवली होती, ती आधी."

बाईंनी ते अहवालात घातलं आणि सही केली. दोन दिवसांनी मालक ऑफिसात आले. बाईंच्या खोलीचं दार काचेचं आहे, पण आवाज थांबवण्यापुरती ती काच जाड नाही. काय काय बोलले! बाहेर निघताना मात्र माझ्या टेबलापाशी थांबले आणि गोड हसले. "पोरी, डोकं चांगलं आहे तुझं. इथे काय करतेस? कारखान्यात ये. हिशेबाचं सगळं खातं तुझ्या हाताखाली देतो. सनद-बिनद मला नको."

दशांश उभाच राहिला. "मालक, पोती मीही उघडतो!"

सगळे हसले. पण मालक गमतीत बोलले नव्हते. त्यांनी लेखी कळवलं आहे. पगार इथल्यापेक्षा कितीतरी चांगला, स्वतंत्र खोली, खिडकी. ऑगस्टअखेर उत्तर द्यायचं आहे. आईच्या गुडघ्याचं करून घेता येईल. तुम्हाला शिडीवर चढायला लागणार नाही. (चढाल तुम्ही, ते मला माहीत आहे.)

तुम्ही काय म्हणता? बाण काढलेत तरी चालेल, पण उत्तरही लिहा.

निकालाचं पुढच्या वेळी लिहिते. इथे उकाडा फार आहे.

तुमची
बारकी


५ सप्टेंबर

प्रिय अण्णा,

नमस्कार. तुमचं उत्तर मिळालं. 'तुझं तू बघ. र सुधारला आहे.' आईने ते वाचून तुम्हाला बरंच सुनावलं, असं कळलं. पण मला ते पुरलं. तुम्ही कधी कुणाला पाटीवर काय लिहावं ते सांगितलं नाही, फक्त कसं दिसेल ते सांगितलंत.

आता जे जूनमध्ये लिहिलं नाही, ते लिहिते. दुसऱ्या गटात मी नापास झाले. त्या पत्राच्या वेळी निकाल टेबलावर माझ्यासमोरच होता, आणि मी तुम्हाला उकाड्याबद्दल लिहीत होते. आईला म्हटलं, अजून लागायचाय. तिने पुन्हा विचारलं नाही, म्हणजे तिला कळलंच असणार.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. गेल्या महिन्यात मी आपल्या गल्लीत येऊन गेले.

मी नोकरी घेतेय, हे सांगायलाच आले होते. बसमध्ये सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. म्हणणार होते, अण्णा, त्या कोऱ्या पट्टीवर 'मुख्य हिशेबनीस' लिहा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गल्लीत वळले तर तुम्ही दाराशी स्टुलावर चढून पाटी पुसत होतात. मी समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या छपराखाली थांबले, तुम्ही उतरलात की पुढे यायचं म्हणून. स्टुलावरच्या माणसाला मागून हाक मारू नये, हे तुम्हीच शिकवलंय. तेवढ्यात शेजारचे कुलूपवाले बाहेर आले.

"काय पेंटर, पोरीच्या नावाखाली अजून कोरंच? काय यायचंय तिथे?"

"जागा ठेवलीय."

"कशाची?"

"येईल तेव्हा वाचा."

"आणि नाहीच आलं तर?"

तुम्ही फडकं पिळलंत. "तर नाव काय वाईट आहे का? केवढं मोठं काढलंय."

तुमचं बोलणं नेहमीप्रमाणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. मी तुम्हाला पाठमोरं पाहिलं. मग पाटी पाहिली. कोपरा फोटोत कापला गेला नव्हता, अण्णा. तिथे कुंचला नव्हताच. काम पुरं झाल्याशिवाय तुम्ही तो काढत नाही. म्हणजे मी फेब्रुवारीत ते शहाणपणाचं पत्र लिहायच्या आधीच, आनंदाच्या भरात पिवळे शब्द लिहून झाल्यावरही, तुमचा हात खूण करायला तयार झाला नव्हता. नियम मला संस्थेने शिकवला असं मी समजत होते.

मी पुढे आले नाही. परतीची बस धरली. आईला हे सांगू नका, ती म्हणेल दारापर्यंत येऊन पोरगी उपाशी गेली.

मालकांना मी नाही म्हणून कळवलं आहे.

हे तुमच्यासाठी केलं असं कृपा करून समजू नका. तुमच्यासाठी करायचं असतं तर मी तो पगार घेतला असता. बसमध्ये मला वेगळंच काहीतरी सापडलं. त्या दिवशी मालक बाईंवर ओरडले, आणि माझ्याशी गोड बोलले. पोती उघडली मी. चूक काढली मी. लिहिली मी. तरी माझ्यावर ते जराही रागावले नाहीत. तेव्हा मला ते माझं कौतुक वाटलं होतं. पण माणूस रागावतो कुणावर? ज्याच्या म्हणण्याने आपलं काही अडतं त्याच्यावर. माझ्या म्हणण्याने त्यांचं काहीच अडत नव्हतं. मी खरं बोलले होते, आणि ते खरं ठरायला बाईंची सही लागली. उद्या तेच बाईंनी खोडलं असतं तर माझं खरं माझ्याच टिपणात राहिलं असतं. आणि कारखान्यात गेल्यावर? तिथल्या खिडकीतून मला मागच्या खोलीतली पोती दिसली असती, आणि यादी मालकांनी सांगितली तशी लागली असती.

मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सही म्हणजे काय फार मोठं नसतं गं. उद्या कुणी जाब विचारायला आलं, तर मी घरी सापडेन, एवढाच त्याचा अर्थ." मग म्हणाल्या, "दुसऱ्या गटाची पुस्तकं उद्यापासून ऑफिसात आणून ठेव. दुपारी वाचत जा."

नोकरी दशांशाला मिळाली. मीच त्याचं नाव सुचवलं. त्याला दोन लहान मुलं आहेत, घराचं बांधकाम अर्धवट आहे. त्याच्यासाठी ते योग्यच आहे, आणि तो चांगलं काम करेल. जाताना मला म्हणाला, "नापास झालीस तर माझ्याकडे ये. हाताखाली घेईन. खिडकी मात्र माझी."

मी पुन्हा बसते आहे, अण्णा. एवढंच सांगायचं होतं.

तुमची
बारकी


२२ जून

प्रिय अण्णा,

नमस्कार! आज माझ्यावर एक माणूस भडकला.

नीट सांगते. फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा मी फोन केला, आई रडायला लागली आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून फोन घेतलात. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलणार. तुम्ही विचारलंत, "सनद हातात आली का?" मी म्हटलं, नाही, अजून कागदपत्रं व्हायची आहेत. "मग आली की कळव," म्हणालात आणि ठेवून दिलात. मी फोन हातात धरून किती वेळ हसत होते! ज्या माणसाने जेवणावरून उठून पत्रा कापायला घेतला होता, तोच हा.

तर कळवते. आली. पण ती आली त्या दिवशी मी पत्र लिहिलं नाही, कारण कागद हातात घेऊनही मला काही झाल्यासारखं वाटेना. चांगला जाड कागद आहे, शिक्का आहे, नंबर आहे. अक्षरं तुम्हाला आवडणार नाहीत. मी तो कपाटात ठेवला आणि नेहमीसारखी कामाला गेले.

पुढे बाईंनी एका फरशीवाल्याचा अहवाल माझ्याकडे सोपवला. सगळं तपासायचं मी, सहीही माझी. लहानसाच व्यवसाय आहे, गोदाम आणि समोर दुकान. त्याने वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बरीच विक्री दाखवली होती. मी गोदामात गेले तर विकलेली फरशी तिथेच उभी. गिऱ्हाइकाने ती नेलीच नव्हती. नेण्याचं ठरलेलंही नव्हतं, नुसतं बोलणं झालेलं. मी म्हटलं, ही विक्री या वर्षाची नाही. कदाचित कुठल्याच वर्षाची नाही.

आज तो ऑफिसात आला. टेबलावर हात आपटला. माझा चहा सांडला.

"इतकी वर्षं हिशेब देतोय, असं कुणी अडवलं नाही मला! सही कोण करणार आहे?"

"मी."

"तू? बाईंना बोलव."

बाई आतून, दार न उघडताच म्हणाल्या, "सही तिची आहे. भांडायचं तर तिच्याशी भांडा."

आणि अण्णा, तो भांडला! मनापासून भांडला. मला नियम विचारले, मी दाखवले. मला म्हणाला, तुला धंद्यातलं काय कळतं. मी म्हटलं, फरशी गोदामात आहे एवढं कळतं. माझ्या मनात तर एखाद्या कार्याला निघाल्यासारखं वाटत होतं. शेवटी खुर्चीत बसला. पाणी प्यायला. म्हणाला, "बरं, काढ ती विक्री. कशी काढायची ते तरी सांग." मग आम्ही दोघांनी बसून ते दुरुस्त केलं. जाताना दारातून वळून म्हणाला, "पुढच्या वर्षीही तूच येणार का?" मी हो म्हटलं. "देवा," म्हणाला तो.

त्यानंतर मी सही केली. आमच्या धंद्यातले बरेच जण अशी सही करतात की कोंबडीने पाय पुसले असावेत. मी माझं नाव लिहिते, सबंध, सरळ ओळीत, 'र' सांभाळून. ज्याला जाब विचारायचा असेल त्याला कुणाला विचारायचा ते वाचता आलं पाहिजे. बाईंनी उभ्याने पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या वडिलांचं आहे." मी म्हटलं, हो.

तुम्ही विचारलं होतं, उपयोग काय. आज सांगू शकते. दशांशाचा पगार अजून माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तो हे मला आठवणीने कळवतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. मैत्रिणींच्या लग्नांचे फक्त फोटो पाहिले. तू सांग, मी करू का, असं उद्या कुणी मुलीने विचारलं, तर मी सरसकट हो म्हणणार नाही. तिला आधी विचारेन, लोकांनी तुझ्यावर भडकावं असं तुला वाटतं का? तिला ते कळलं तर मग म्हणेन, कर. सगळं सोसून कर.

सनदेची प्रत सोबत ठेवली आहे. ती आधी वाचा, शिक्का बघा, नंबर बघा, आणि मगच रंगाचा डबा उघडा. पिवळाच घ्या, सावलीसकट. घाई करू नका. सावलीला वेळ लागतो. कुलूपवाल्यांना बाहेर बोलवा, ते कधीचे वाचायला थांबलेत. आणि सगळं लिहून झालं, लांबून पाहून झालं, आणि काम पुरं झालं असं तुमच्या हाताला वाटलं, तर खालच्या कोपऱ्यात कुंचला काढा.

मी रविवारी येते आहे. आईला सांगा, या वेळी जेवून जाईन. आणि स्टुलावर असलात तरी या वेळी मी समोर थांबणार नाही, येऊन स्टूल धरेन.

हे दोन शब्द अहवालावर मी आज लिहिले. घरच्या कागदावर पहिल्यांदा इथे लिहिते.

तुमची
बारकी
सनदी लेखापाल